वारा धक्क्याकडे ढकलत होता: शिडाच्या बोटीने इंजिनवर धक्का सोडण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॅम्बल नदीतलं आहे. माणसांची, बोटीची आणि मरिनाची, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदराची, नावं मुद्दाम गाळली आहेत. मी स्वतः त्या बोटीवर नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला उभा होतो. त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि जे दिसलं नव्हतं ते त्याच संध्याकाळी बाकीच्यांना विचारून घेतलं आहे.

शिडाच्या बोटीबद्दल बोलताना लोक शिडांबद्दल, वादळांबद्दल बोलतात. धक्का सोडायचा भाग कुणी सांगतच नाही, कारण तो दोन मिनिटांचा असतो आणि शिडं तेव्हा गुंडाळलेली असतात. पण बोटीला ओरखडे पडतात, माणसांची बोटं चेंगरतात ती बहुधा याच दोन मिनिटांत. आमच्या प्रकरणात एक पाय थोडक्यात वाचला.

पार्श्वभूमी

बोट भाड्याची होती. लांबी १०.३ मीटर, वजन सहा टनांच्या आतबाहेर, २९ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, जुन्या पद्धतीचा लांब शाफ्ट आणि उजव्या हाताचा पंखा, म्हणजे पुढच्या गिअरमध्ये मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा. बोटीवर आम्ही चौघं. स्किपर, म्हणजे बोटीची कप्तान, मूळची ठाण्याची, चाळिशीतली. डे स्किपरचा पाच दिवसांचा प्रात्यक्षिक कोर्स तिने आदल्या वर्षी केला होता. ब्रिटनमध्ये स्वतःची बोट चालवायला परवाना लागत नाही, पण भाड्याने देणारे असं प्रमाणपत्र बघतातच. तिचा नवरा पहिल्यांदाच बोटीवर आलेला. मी तिच्याबरोबर आधी तीन-चारदा गेलेलो. आणि चौथे तिचे वडील. ते तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. मी त्यांना काका म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

काकांचं लहानपण हर्णैला गेलं. कोळी नव्हेत, पण शेजार कोळ्यांचा. चौदा-पंधरा वर्षांचे असताना मचव्यावर जायचे आणि दोर कसा धरायचा हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. आदल्या दिवशी गाठी मारताना त्यांचा हात बघून मला वाटलं होतं की आपल्यात खरा दर्यावर्दी हाच आहे. तसंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं, आणि या प्रकरणाची मेख तिथेच आहे.

बोट पॉन्टूनच्या, म्हणजे तरंगत्या धक्क्याच्या, नदीकडच्या बाहेरच्या कडेला बांधलेली होती. मरिना नदीच्या पूर्व काठावर. नाळ उत्तरेला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, आणि बोटीची उजवी बाजू धक्क्याला लागलेली. पुढे साधारण सहा मीटरवर एक मोठी मोटरबोट, मागे तेवढ्याच अंतरावर दुसरी शिडाची बोट. जायचं होतं दक्षिणेला, नदीच्या तोंडातून बाहेर पडून, साउदॅम्प्टन वॉटर या खाडीतून पुढे सोलेंटची सामुद्रधुनी ओलांडून आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउजला.

शुक्रवारी संध्याकाळी बोट ताब्यात घेतली तेव्हा ती अशीच बांधलेली होती. आम्ही ती धक्क्याला लावली नव्हती, त्यामुळे ती मागच्या गिअरमध्ये कशी वागते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. हा मुद्दा पुढे येईल.

रात्री ठरलेला बेत

रात्री जेवताना स्किपरने कागदावर चित्र काढून बेत समजावला. वारा दक्षिणेचा, आठ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर). सकाळी साडेदहाला निघायचं, तोवर ओहोटी लागलेली असेल. ओहोटीचं पाणी समोरून नाळेवर येणार. नाळेचा दोर आधी सोडला की पाणी नाळ आणि धक्का यांच्यामध्ये शिरतं आणि नाळ आपोआप बाहेर जाते. मग पिछाडीचा दोर सोडायचा, हलका पुढचा गिअर टाकायचा आणि निघायचं. बेत चोख होता. अशा वेळी पाण्यासारखा मदतनीस नाही.

या भागातल्या भरती-ओहोटीची एक खोड इथे सांगायला हवी. साउदॅम्प्टनच्या पाण्यात भरती एकदा चढून लगेच उतरायला लागत नाही. भरतीच्या माथ्यावर पाणी दोनेक तास जवळजवळ थांबून राहतं, काही दिवशी दोनदा माथा गाठतं, आणि मग ओहोटी घाईने, चारेक तासांत उरकते. मुंबई-कोकणात सहा-सहा तासांच्या हिशोबाची सवय असलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. काकांना तर पटेचना. ‘पाणी थांबतं म्हणजे काय,’ असं ते दोनदा म्हणाले.

शनिवारी सकाळी सहाच्या सुमारास पाऊस येऊन गेला. सात वाजता बाहेर आलो तर आभाळ लख्ख, हवा गार आणि वारा फिरलेला. दक्षिणेचा पश्चिमेला गेला होता, सोळा-अठरा नॉट, मधूनच बाविसाचे झोत. म्हणजे आता तो नदीवरून सरळ आडवा येऊन आम्हाला धक्क्यावर दाबत होता. हवामानाच्या अंदाजात दुपारनंतर वारा आणखी वाढेल असं होतं. म्हणून स्किपरने ठरवलं की साडेदहा कशाला, आठलाच निघू.

त्या एका वाक्यात दोन गोष्टी बदलल्या. वारा बदलला होताच. आणि आठ वाजता पाणी माथ्यावर थांबलेलं असणार होतं, त्यातून दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे, त्यामुळे प्रवाह असा नव्हताच. ज्या पाण्याच्या भरवशावर बेत केला होता ते पाणी कामावरच आलं नव्हतं. बेत मात्र तोच राहिला.

पहिला प्रयत्न

इंजिन नीट तपासलं होतं. तेल, कूलंट, पट्टा, समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा, एक्झॉस्टमधून पाणी फुरफुरत बाहेर येतंय, सगळं ठीक. त्यात काही कसूर नव्हती.

मी नाळेचा दोर सोडून आत घेतला आणि धक्क्यावर पाय रोवून नाळ ढकलली. हात-सव्वा हात बाहेर गेली, तिथे क्षणभर थांबली आणि वाऱ्याने परत आणून सोडली. मी पुन्हा ढकलून वर चढलो. स्किपरने पिछाडीचा दोर सोडायला सांगितला, पुढचा गिअर टाकला आणि चाक डावीकडे, नदीच्या बाजूला फिरवलं.

मोटार चालवणाऱ्या माणसाचा हात नेमका इथे फसतो. मोटारीचं पुढचं चाक वळतं आणि मागचं मुकाट्याने मागून येतं. बोटीचं सुकाणू मागे असतं. ते डावीकडे घातलं की आधी पिछाडी उजवीकडे फेकली जाते आणि त्यामुळे नाळ डावीकडे वळते. आमची उजवी बाजू धक्क्याला होती. म्हणजे धक्क्यापासून लांब जाण्यासाठी फिरवलेलं चाक पिछाडीला धक्क्यावर आपटत होतं. फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून कडेला लटकवलेल्या हवेच्या उशा, सगळे मधल्या भागात होते, पिछाडीच्या कोपऱ्यावर एकही नव्हता. पॉन्टूनच्या लाकडी कडेवर बोटीचा कोपरा घासत गेला. तो आवाज मला पुढे, इंजिनच्या आवाजावरूनही ऐकू आला.

नाळ बाहेर जायचं नाव घेईना, बोट मात्र धक्क्याला घासत पुढे सरकायला लागली. समोर मोटरबोट. सहा मीटर होते ते चार झाले, मग तीन.

काका उजव्या बाजूला, मधल्या भागात डेकवर बसले होते. त्यांना कुणी काही काम दिलं नव्हतं. त्यांनी कठड्याच्या खालच्या तारेखालून पाय बाहेर काढला, पॉन्टूनच्या कडेवर टाच टेकली आणि बोट लोटायला सुरुवात केली. त्यांच्या अंगात तेवढीच ताकद होती जेवढी कुठल्याही बहात्तर वर्षांच्या काटक माणसात असते. तेवढ्यात झोत आला.

इथे थोडा हिशोब मांडतो. एवढ्या बोटीची आडवी बाजू, केबिन, डोलकाठी, गुंडाळलेली शिडं सगळं धरून वाऱ्याला सुमारे वीस चौरस मीटर अंग दिसतं. आठ नॉट वाऱ्यात त्यावर वीसेक किलोचा दाब येतो. तो हाताने सहज पेलतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वीस नॉटला तोच दाब सव्वाशे किलोच्या पुढे जातो. आणि सहा टनांची वस्तू एकदा हलली की ती थांबवणं हे आणखी वेगळं. रात्रीच्या वाऱ्यात ढकलली गेलेली बोट सकाळच्या वाऱ्यात ढकलली जाणार नाही, हे आकडे मांडल्यावर शाळकरी पोरालाही कळेल. आम्ही मांडले नव्हते.

काकांची टाच कडेवरून घसरली आणि पाय बोट आणि पॉन्टून यांच्या फटीत गेला. स्किपरने ते पाहिलं. ती ‘बाबा!’ एवढंच ओरडली आणि तिने मागचा गिअर टाकून थ्रॉटल दिला. त्या वेळी तिने केलेली ही एकमेव आणि अगदी योग्य गोष्ट होती. बोट थांबली. उजव्या हाताचा पंखा मागच्या गिअरमध्ये पिछाडीला थोडी डावीकडे ओढतो, तशी ती ओढली गेली आणि फट रुंदावली. काकांनी पाय ओढून घेतला. बूट पाण्यात पडला. त्या जागेच्या दोन हात पुढे एक फेंडर होता, त्याने फट वीत-दीड वीत तरी राखली होती. घोटा त्यामुळे चेचला नाही, नुसता खरचटला आणि संध्याकाळपर्यंत काळानिळा झाला.

शेजारच्या बोटीवरचा एक गृहस्थ धावत आला. त्याने आमचे दोर पकडून क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या दोन शिंगांच्या खुंटाला, घातले. नाळ आणि मोटरबोट यांच्यात तेव्हा जेमतेम दोन मीटर उरले होते.

पर्याय

स्किपरने इंजिन बंद केलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इंजिन चालू असतं तर आम्ही पाच मिनिटांत तोच प्रयत्न जरा जोर लावून केला असता. बंद केल्यावर सगळे खाली बसलो, काकांच्या पायाला बर्फ लावला, चहा झाला आणि मगच बोलणं सुरू झालं. समोर चार वाटा होत्या.

थांबणं ही पहिली. साडेदहापर्यंत ओहोटी लागली असती. पण भांगाच्या दिवसांत तो प्रवाह जेमतेम एखाद्या नॉटचा, आणि तोवर वारा वाढलेला. स्किपरचं म्हणणं पडलं की पाणी जितकं देईल त्याहून जास्त वारा घेऊन जाईल. माझं मत वेगळं होतं. ते शेवटी सांगतो.

मरिनाच्या माणसांना बोलवायचं ही दुसरी. त्यांच्याकडे छोटी वर्कबोट असते, ती नाळ बाहेर ओढून देते. यात कमीपणा काही नाही आणि स्किपरनेही तसं म्हटलं नाही. दुसरा प्रयत्न जमला नाही तर त्यांना हाक मारायची हे तेव्हाच ठरलं.

उरल्या दोन वाटा दोराच्या. या वाऱ्यात माणसाच्या हाताने बोट हलणार नाही, पण बोटीचं स्वतःचं इंजिन एका तिरक्या दोराविरुद्ध लावलं तर ते एक टोक बाहेर ढकलू शकतं. या तिरक्या दोराला स्प्रिंग म्हणतात. प्रश्न एवढाच की कुठलं टोक आधी बाहेर काढायचं.

नाळ आधी काढायची असेल तर पिछाडीपासून पुढे जाणारा स्प्रिंग ठेवून मागचा गिअर टाकायचा. पिछाडी धक्क्याला टेकते आणि नाळ उघडते. दिसायला हे सरळ, कारण मग पुढे बघत निघता येतं. पण दोन अडचणी होत्या. शिडाच्या बोटीची नाळ हलकी, पाण्यात तिचं अंग कमी आणि वर गुंडाळलेलं पुढचं शीड. वारा सगळ्यात आधी तिलाच लोळवतो. ती वाऱ्याच्या तोंडात उघडायची आणि उघडलेली ठेवून पुढे निघेपर्यंत सांभाळायची, हे आम्ही नुकतंच हरलो होतो. दुसरं म्हणजे मागच्या गिअरमध्ये पंख्याचं पाणी सुकाणूवर येतच नाही, ते पुढे फेकलं जातं. बोटीला वेग येईपर्यंत सुकाणू नुसतं लटकलेलं असतं. म्हणजे सगळा भार एकट्या दोरावर.

पिछाडी आधी काढायची तर उलट. नाळेपासून मागे जाणारा स्प्रिंग ठेवायचा, पुढचा गिअर टाकायचा आणि चाक धक्क्याच्या बाजूला फिरवायचं. बोट पुढे जाऊ शकत नाही, दोर धरतो. पंख्याचा झोत सुकाणूवर आदळतो आणि पिछाडीला बाहेर लोटतो. इंजिन आणि सुकाणू दोन्ही एकाच कामाला लागतात. शिवाय मागे जाताना शिडाची बोट आपणहून पिछाडी वाऱ्याकडे करते, नाळ बिचारी मागून फरफटत येते. आमचा पंखा मागच्या गिअरमध्ये पिछाडी डावीकडे ओढतो हे आता आम्ही पाहिलं होतं, आणि डावीकडे म्हणजे धक्क्यापासून लांब. पहिल्या प्रयत्नातून हाती लागलेली उपयोगाची माहिती ती एवढीच, पण तिच्यावर निर्णय झाला. पिछाडी आधी.

दुसरा प्रयत्न

स्किपरने सगळ्यांना पॉन्टूनवर उभं केलं आणि प्रत्येकाला त्याचं काम त्याच्याच तोंडून म्हणायला लावलं.

माझ्याकडे नाळेचा स्प्रिंग. हा दोर बोटीवरून सोडता यायला हवा, म्हणून तो नाळेच्या क्लीटपासून मागे पॉन्टूनवरच्या, बोटीच्या मध्याशी येणाऱ्या क्लीटला वळसा घालून परत नाळेवर आणायचा. मी घेतलेल्या दोराच्या एका टोकाला विणलेला डोळा, म्हणजे कायमचा फास, होता आणि मी नेमकं तेच टोक वळशातून जाणारं ठेवलं होतं. सोडताना तो डोळा क्लीटच्या शिंगात अडकला असता आणि बोट मागे जात असताना नाळ तिथेच बांधलेली राहिली असती. स्किपरने ते पाहिलं आणि दोर उलटा करायला लावला. साधं, गाठ नसलेलं टोक सुटणारं, डोळ्याचं टोक आपल्याकडे. दोर हाताला गुंडाळायचा नाही, क्लीटवर एक वळसा ठेवूनच धरायचा.

सगळ्यात मोठा फेंडर नाळेच्या उजव्या खांद्यावर, त्याच्या मागे दुसरा. नवऱ्याकडे पिछाडीचा दोर, आणि तो सुटला की पूर्ण डेकवर ओढून घ्यायची जबाबदारी. पाण्यात लोंबणारा दोर पंख्यात गेला तर इंजिन तिथेच गळा आवळल्यासारखं बंद पडतं. त्याने दोर आत घेऊन ‘दोर आत’ असं मोठ्याने म्हटल्याशिवाय मागचा गिअर पडणार नव्हता.

मग ती काकांकडे वळली. मला आठवतं, ती आधी जरा घुटमळली. मग म्हणाली, ‘बाबा, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं आणि मागे बघायचं. नदीतून कोण येतंय ते मला सांगायचं. हात, पाय काही बाहेर नाही. बोट धक्क्यावर आपटली तरी नाही. आपटू दे.’

काका म्हणाले, ‘आपटू दे?’

‘आपटू दे. रंग लावता येतो.’

त्यांनी मान हलवली आणि जाऊन बसले.

स्किपरने स्प्रिंग लागलेला असताना नुसत्या मंद पुढच्या गिअरवर बोट टेकवून ठेवली. मला हा क्षण अजून दिसतो. दोर आधी सैल होता, मग हळूहळू ताठ झाला, त्याच्या पिळातून पाण्याचे थेंब पिळवटून बाहेर आले आणि क्लीटवर कुरकुर आवाज झाला. मोठा फेंडर चेपून निम्मा झाला. आणि बोट जागच्या जागी उभी राहिली, इतकी शांत की बाकी सगळे दोर सैल सोडले तरी ती हलली नाही. घाई संपली. वारा तेवढाच होता, पण आता पहिल्यांदा आमच्या हातात वेळ होता.

नवऱ्याने पिछाडीचा दोर ओढून घेतला. ‘दोर आत.’ स्किपरने चाक पूर्ण उजवीकडे, धक्क्याकडे फिरवलं आणि थ्रॉटल वाढवत नेला. सुरुवातीला काहीच झालं नाही. इंजिन मिनिटाला अठराशे फेऱ्यांवर गेल्यावर पिछाडी हलली. आधी वीतभर, मग हातभर, आणि एकदा सुटल्यावर चांगली उघडत गेली. तीस अंश, चाळीस अंश.

‘थांब,’ काका म्हणाले. ‘वरून लाँच येतेय.’

स्किपरने थ्रॉटल थोडा कमी केला. बोट त्याच कोनात दोराला टेकून उभी राहिली. लाँच नदीच्या सहा नॉटच्या मर्यादेत, सावकाश मागून निघून गेली. काका म्हणाले, ‘गेली. मोकळं.’ थ्रॉटल पुन्हा वर. साठ अंशांच्या आसपास स्किपरने न्यूट्रल केलं, चाक सरळ केलं, एक श्वास थांबली आणि मागचा गिअर भरपूर जोरात टाकला. दोर लगेच सैल पडला. मी टोक सोडलं, दुसऱ्या टोकाने ओढला, तो क्लीटभोवतून सळसळत आला. ‘स्प्रिंग आत.’ नाळ धक्क्यापासून मीटरभर अंतर राखून निघाली, फेंडर सोडून कशालाही न लागता.

चारेक बोटींच्या लांबीइतकं मागे गेल्यावर वाऱ्याने नाळ पूर्वेला लोळवली. तिथून पुढचा गिअर आणि चाक उजवीकडे. बोट दक्षिणेला वळली आणि आम्ही नदीच्या तोंडाकडे निघालो. शेवटचा दोर सुटल्यापासून इथवर तीन मिनिटंसुद्धा गेली नसतील.

परिणाम

बोटीच्या पिछाडीच्या उजव्या कोपऱ्यावर हातभर लांबीचा ओरखडा, जेलकोटपुरता, म्हणजे फक्त बाहेरच्या चकचकीत थरापुरता. रविवारी बोट परत करताना स्किपरने तो स्वतःहून दाखवला, आणि दुरुस्तीचे पैसे अनामत रकमेतून कापले गेले. काकांचा घोटा आठवडाभर दुखला. एक बूट हॅम्बलच्या तळाशी. मोटरबोटीला काही लागलं नाही.

निर्णयाचे टप्पे

मागे वळून बघताना मला पहिला चुकलेला टप्पा धक्क्यावरचा वाटत नाही, तो सात वाजताचा आहे. वारा फिरला हे आम्ही चौघांनीही पाहिलं, त्यावर बोललोही, आणि त्याचा अर्थ ‘लवकर निघू’ असा लावला. ‘आता कुठलं टोक आधी निघेल?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. रात्री काढलेलं चित्र टेबलावर तसंच होतं. त्यावर वाऱ्याचा बाण पुसून नवा काढला असता तर नाळ कुठे जाणार ते तिथेच दिसलं असतं.

दुसरा टप्पा पहिल्या ढकलण्याचा. मी नाळ ढकलली आणि ती परत आली. त्या क्षणी पिछाडीचा दोर अजून बांधलेला होता, बोट सुरक्षित होती. ते परत येणं हेच उत्तर होतं. मी तेव्हा ‘थांबा, ती परत येतेय’ असं ओरडायला हवं होतं. मी पुन्हा ढकललं. यात माझा वाटा पूर्ण आहे.

तिसरा टप्पा काकांचा, आणि त्याबद्दल आम्ही नंतर सगळ्यात जास्त बोललो. काकांनी पाय का घातला? त्यांनीच सांगितलं: मचवा दुसऱ्या होडीवर जायला लागला की जो जवळ असेल तो काठीने लोटतो, काठी नसेल तर पायाने. हर्णैला होड्या किनाऱ्यापासून लांब नांगरून ठेवतात, एकमेकींना लागतात, दोन्ही हलत्या असतात. तिथे पाय मध्ये घातला तरी समोरची होडी मागे सरते. पॉन्टून सरत नाही, तो खांबांना धरलेला असतो. काकांचं ज्ञान खोटं नव्हतं. ते दुसऱ्या बंदराचं होतं.

आणि त्यांना थांबवलं का नाही? स्किपरने काउजला पोचल्यावर स्वच्छ सांगितलं. तिने नवऱ्याला काम सांगितलं, मला सांगितलं, पण वडिलांना सांगताना जीभ रेटेना. त्यांना बोटीचं आपल्यापेक्षा जास्त कळतं असं वाटत होतं, आणि वडिलांना ‘पाय आत घ्या’ असं आधीच बजावणं आगाऊपणाचं वाटलं. माझंही तेच झालं असतं. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांना काम सांगायची पद्धत नसते, त्यांच्यापुढे खुर्ची सरकवायची पद्धत असते. बोटीवर मात्र ज्याला काम दिलेलं नसतं तो स्वतः काम शोधतो, आणि काका जन्मात कधी नुसते बसलेले नव्हते.

वेगळं काय करता येईल

शुक्रवारी संध्याकाळी वारा हलका होता. तेव्हा दोर बांधलेले ठेवूनच मिनिटभर मागचा गिअर टाकून पाहिला असता तर पंखा कुठे ओढतो ते पाण्याच्या फेसावरूनच कळलं असतं. बांधलेल्या बोटीवर फेस ज्या बाजूने पुढे येतो त्याच्या उलट बाजूला पिछाडी ओढली जाते. नदीत एक चक्कर मारून पुन्हा धक्क्याला लावून पाहता आली असती तर आणखी बरं. ताब्यात घेतलेली नवी बोट पहिल्यांदा हलवायची वेळ म्हणून वाऱ्याची सकाळ निवडू नये.

फेंडरही रात्रीच हलवायला हवे होते. मुक्कामाला ते मध्यभागी ठीक. निघताना जे टोक धक्क्यावर दाबलं जाणार तिथे ते लागतात, आणि कुठलं टोक दाबलं जाणार हे ठरवल्याशिवाय ते तिथे जात नाहीत.

स्प्रिंग लावून मंद पुढच्या गिअरवर बोट टेकवून ठेवायची पायरी मी आता प्रत्येक वेळी करतो, वारा नसला तरी. तिथवर काहीही परत घेता येतं. दोर पुन्हा घाला, इंजिन बंद करा, चहा प्या. पहिल्या प्रयत्नात आमच्याकडे अशी जागाच नव्हती. दोर सुटले आणि बोट वाऱ्याची झाली.

काकांना काम देण्याबद्दल स्किपरचं आणि माझं एकमत आहे. मागे बघायचं काम त्यांना बसवून ठेवायला दिलेलं नव्हतं. ती लाँच मला नाळेवरून दिसलीच नव्हती आणि स्किपरचं लक्ष दोरावर होतं.

ज्यावर एकमत नाही ते थांबण्यावर. मला अजूनही वाटतं की एका माणसाचा पाय दुखावलेला असताना, आणि काउजला कुणी आमची वाट बघत नसताना, त्या सकाळी निघायचंच कशाला? मरिनात बसून राहिलो असतो तरी काही बिघडलं नसतं. स्किपर म्हणते की वारा त्या बोटीच्या आवाक्यातला होता, अडचण फक्त धक्क्याची होती, आणि ती सोडवायची रीत आम्हाला कळली होती. काकांना विचारलं तर ते म्हणाले, निघालो ते बरं झालं, नाही तर मी तिथे लंगडत बसलो असतो.

रविवारी सकाळी काउजचा धक्का सोडताना वारा उलटा, धक्क्यावरून बाहेर नेणारा होता. दोर सोडले की बोट आपणच निघणार होती. तरीही स्किपरने सगळ्यांना पॉन्टूनवर उभं केलं, वाऱ्याकडे हात करून कुठलं टोक आधी जाईल ते विचारलं, आणि पहिलं उत्तर काकांकडून घेतलं.